मन्सूरने ठोकून बसवलेली तिजोरी

मन्सूर हुर्जुक हा माणूस मनाने लाख चांगला, पण संशयी इतका की विचारू नका. दोह्याच्या मासळी बाजारात गेला की आधी सुरमईचे कल्ले उचलून बघणार, मग डोळे, मग वजनाचा काटा, आणि मासा कापायला दिल्यावर कापणाऱ्यासमोर हाताची घडी घालून उभा राहणार. का, तर आत नेऊन बदलला तर? गॅसचा सिलिंडर आला की हलवून बघणार. लिफ्टमध्ये कोणी ओळख नसताना सलाम केला की घरी येऊन बायकोला विचारणार, "याचं काय काम असेल गं माझ्याकडे?" त्याची बायको सितारा म्हणायची, "या माणसाची सावली दोन पावलं पुढे गेली, तर तिलाही उभी करतील आणि विचारतील, कुठं निघालीस?"

हे बापाकडून आलेलं. म्हसळ्याकडच्या गावात बापाचा आंब्याचा छोटा धंदा. एका साली भरवशाच्या माणसाकडून पेट्या उचलल्या, तर वरच्या थरात हापूस आणि खाली सगळा रायवळ. बाप त्या वर्षी कोणाशी धड बोलला नाही. मन्सूरने तेव्हाच खूणगाठ बांधली की वरचा थर बघून भुलायचं नाही, खालचा बघायचा.

आणि असा माणूस झाला काय, तर मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारदरबारी पळणारा माणूस. लायसन काढा, बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा शिक्का आणा, पाटीची परवानगी घ्या, नव्या माणसांचे विसे करा, जुन्यांचे संपले की पुन्हा करा. वीस वर्षं मन्सूर हेच करत होता. खिडकीवरचा माणूस आज कसा आहे हे तो लांबून चेहरा बघून ओळखायचा आणि त्याप्रमाणे रांग बदलायचा. आपल्या लोकांत त्याचं वजन होतं ते याच्यामुळे. कोणी नवी नोकरी धरली, कोणी फ्लॅट बदलला, की अल मुंतझामधल्या त्याच्या घरी चहाला येऊन हळूच विचारायचं, "मन्सूरभाई, जरा बघा हो, बरोबर आहे ना?" मन्सूरने मान हलवली की काम फत्ते. एवढा संशयी माणूस हो म्हणतोय म्हणजे त्यात खोट नसणारच, असा सरळ हिशेब.

आता गंमत बघा. असल्या माणसाच्या घरचे पासपोर्ट कुठे असायचे? कंपनीत! गल्फमधल्या जुन्या माणसाला यात काही वावगं दिसतच नाही. विमानातून उतरला, कंपनीच्या माणसाने हात पुढे केला, पासपोर्ट दिला. सुट्टीला निघाला, पासपोर्ट मिळाला. पुढे कायदा आला की ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडेच पाहिजे. तो कायदा मन्सूरनेच लोकांना वाचून समजावला होता. पण स्वतःचा काही त्याने मागून घेतला नाही. बायको-मुलगी इथे आल्या, तर त्यांचेही नेऊन दिले. "घरात कुठं ठेवू? झुरळं खातील. कंपनीत सेफ असतो." झालं, विषय संपला.

वर्ल्ड कपच्या आधीच्या वर्षी मन्सूरला नवी नोकरी लागली. त्या काळात सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. काल होता तो रस्ता आज नाही, आज नाही तो उद्या चार पदरी. प्रत्येकाच्या तोंडी एकच, नोव्हेंबरच्या आत झालं पाहिजे, यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला. आणि आपली इंजिनिअर मंडळी आपसात दुसरंच बोलायची. वर्ल्ड कप झाला की पुढे काय? स्टेडियमं बांधून झाली, मेट्रो झाली, मग आपली गरज कोणाला? नोकरी गेली की विसा गेला आणि विसा गेला की इथून बाडबिस्तरा उचला. मुलं तर इथेच जन्मलेली.

त्या भीतीच्या बरोबर मधोमध राहिल सरांनी आपलं सेंटर उघडलं. चाळिशीचा माणूस, झुळझुळीत सूट, बोलणं लोण्यासारखं. कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं तर हसून म्हणायचा, "अपना तो सारा जहाँ है, भाई." हे ऐकल्यावर मन्सूरच्या कपाळावर पहिली आठी उमटली. ज्याला आजोळ सांगता येत नाही, त्याचं काही खरं नसतं असं त्याचं मत.

सेंटरचं काम असं. दूरच्या समुद्रात एक बेटांचा देश. तिथे एक मोठं हॉटेल उभं राहतंय, त्यात पैसे गुंतवायचे. बदल्यात तो देश अख्ख्या कुटुंबाला कायम राहण्याचं कार्ड देणार. राहिल सरांचं सेंटर हे त्या योजनेचं इथलं मान्यताप्राप्त दार. हे दार उभं करून द्यायचं काम मन्सूरचं.

मन्सूरने अगदी कल्ले उचलून बघितले. कफील, म्हणजे इथला स्थानिक भागीदार, खरा आहे का? खरा होता. सज्जन म्हातारा, त्याने मन्सूरला खजूर खायला घातला आणि तब्येत विचारली. मुशैरिबमधल्या जागेचा करार खरा. बेटाच्या सरकारचं मान्यतेचं पत्र खरं, तेही त्याने आपल्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतलं. लायसन, पाटी, आग विझवायची नळकांडी, सगळं त्याच्याच हाताने झालं. तरी मन काही शांत होईना. तो सोफ्याच्या गाद्याही दाबून बघायचा. रात्री सिताराला म्हणायचा, "सगळं बरोबर हाय. एवढं बरोबर असतंय का कधी?"

सितारा म्हणाली, "तुमाला चुकीचं दिसलं तरी तरास, बरोबर दिसलं तरी तरास. झोपा आता."

तिजोरीही त्यानेच आणली. सनैयातल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या गोदामात जाऊन, मुठीने ठोकून ठोकून निवडली. राहिल सर म्हणाले, कोपऱ्यात ठेव. मन्सूर म्हणाला, "नुसती ठेवून कसं चालेल? उद्या चोर तिजोरीसकट उचलून नेईल." मग मेस्त्री बोलावला, फरशी फोडली, आतून चार बोल्ट मारून तिजोरी जमिनीत घट्ट बसवून घेतली. मेस्त्री गेल्यावर मन्सूरने तिला खांदा लावून ढकलून बघितलं. जागची हलली नाही. त्याला फार समाधान वाटलं.

लोक यायला लागले. अल नस्रमधले शशिकांत नेरकर पहिल्या काहींतले. नाशिकचे, मेट्रोच्या कामावर मोठे इंजिनिअर. चहा पिऊन झाल्यावर राहिल सरांसमोर एक शब्द बोलले नाहीत, पण बाहेर लिफ्टपाशी मन्सूरला गाठलं.

"मन्सूरभाई, खरं सांगा. तुम्ही बघितलंय ना सगळं?"

"बघितलंय साहेब. कागद तरी सगळे सरळ हायत."

"मग झालं तर! तुम्ही बघितलं म्हणजे देवानेच बघितलं."

मन्सूरला हे ऐकायला आवडलं, का नाही आवडणार? आणि शशिकांतांनी दुसऱ्या दिवशी आपले, बायकोचे आणि मुलाचे पासपोर्ट आणून दिले. फाइल चालू असेपर्यंत मूळ पासपोर्ट सेंटरमध्ये राहणार असा राहिल सरांचा नियम होता. कोणीही भुवई उंचावली नाही. सगळे गल्फचे जुने गडी. मन्सूरनेच ते हसत हसत घेतले. त्याच खणात त्याचे स्वतःचे तीन होते.

आता सेंटर उघडणं एक आणि चालू ठेवणं दुसरं. ते चालू ठेवायची अलका मॅडम. अलका सोनवणे, मूळची नाशिकजवळची, एकटी राहायची, बोलणं मोजकं. दर तीन महिन्यांनी बेटाच्या सरकारला अहवाल जायचा, हॉटेल किती मजले आलं, किती लोकांना काम मिळालं. गुंतवणाऱ्यांना फोटो जायचे. पैसे कुठून आले त्याचे पुरावे लावायचे. हे सगळं ती करायची आणि तिजोरीची चावी राहिल सरांच्या खालोखाल तिच्याकडे होती.

मन्सूरला ही बाई पहिल्या दिवसापासून खटकली. ऑफिसातला चहा ती प्यायची नाही. का पीत नाही? घर कुठे, विचारलं तर म्हणाली, "इथेच, जवळ." जवळ म्हणजे कुठे? फोन आला की खिडकीपाशी जाऊन हळू बोलायची. तो फाइल मागायला गेला की कॉम्प्युटरचा पडदा बदलायची. राहिल सर बाहेर गेले की ही तिजोरीच्या खोलीत! मन्सूरचं कामातलं लक्ष उडालं. साहेबावरचा संशय इतके दिवस उपाशी होता, त्याला आता अलका मॅडमचं ताट मिळालं.

पुढे पुढे त्याचं लक्ष तिच्या डब्याच्या पिशवीवर गेलं. कापडी, निळ्या चौकड्यांची पिशवी. दुपारी बाई जेवली की डबा रिकामा व्हायला हवा ना? मग संध्याकाळी पिशवी जड कशी? एकदा ती हात धुवायला गेल्यावर त्याने पिशवी उचलून बघितली. सकाळी रिसेप्शनवर ठेवली होती तेव्हाही त्याने उचलली होती, नाहीतर त्याला कळणार कसं! संध्याकाळची जड होती, अल्लाशपथ जड होती. उघडणार तेवढ्यात बाई आली. "काय हवंय मन्सूरभाई?" तो म्हणाला, "काय नाय, खाली पडत होती." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की तिसरा कोणी असता तर तिथून निघून गेला असता.

याच सुमारास घरात मोठी गोष्ट घडली. मन्सूरची एकुलती एक मुलगी अफशां बारावी झाली होती. लहानपणापासून तिला इमारतींचं वेड. दोह्यात नवा टॉवर उभा राहिला की ही वहीत त्याचं पोट फाडून आतले जिने काढायची. आर्किटेक्ट व्हायचं, तेही पुण्यात, हे तिने दहावीतच सांगून टाकलेलं. मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की इंग्रजी. आईने विचारावं, जेवलीस का, तर ही म्हणणार, "लेटर, मम्मा." आणि आता पुण्याच्या कॉलेजात शेवटच्या फेरीत तिचं नाव लागलं. अट एकच, मुलीने मूळ कागद घेऊन ठरलेल्या तारखेच्या आत स्वतः हजर राहायचं. नाही आली तर जागा पुढच्याला.

सितारा आनंदाने रडली. मन्सूरही रडला असता, पण त्याला कॉलेजच्या ईमेलचा पत्ता खरा आहे की नाही ते आधी बघायचं होतं. खरा निघाला. मग त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जवळ घेतलं.

"तिकीट काढा," सितारा म्हणाली. "आणि पासपोर्ट आणा आधी."

"आणतो गं. तिजोरीत हायत, पळून जातायत थोडेच?"

दुसऱ्या दिवशी त्याने राहिल सरांना सांगितलं. राहिल सरांनी तोंडभर मुबारक दिलं, मिठाई मागवली आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतो, जरा ऑडिट चालू आहे, तिजोरी उघडायची नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, चावी घरी राहिली. त्याच्या पुढे म्हणाले, "मन्सूर, आपल्या माणसावर भरोसा नाही का तुझा?" मन्सूर ओशाळला. वीस वर्षांत पासपोर्टसाठी त्याने साहेबापाशी दोनदा तोंड वेंगाडलं नव्हतं. हे बोलणं चाललं होतं तेव्हा अलका मॅडम पलीकडच्या टेबलावर अहवालाचे फोटो लावत बसली होती. तिने मान वर केली नाही. मन्सूरच्या डोक्यात चमकलं, ऑडिट चालू आहे म्हणजे काहीतरी गायब झालंय आणि ते कोणी केलंय हे मला ठाऊक आहे!

दोनच दिवसांनी त्याने तिला पकडलं. राहिल सर आपल्या खोलीत फोनवर, ऑफिस सुटायची वेळ. अलका तिजोरीच्या खोलीतून बाहेर आली आणि पिशवी खांद्याला लावून दाराकडे निघाली. मन्सूर आडवा उभा राहिला.

"मॅडम, पिशवी दाखवा."

"मन्सूरभाई, मला जाऊ द्या. बाहेर या, खाली बोलू."

"खाली कशाला? हितंच दाखवा!" आणि त्याने पिशवी ओढली. डब्याच्या खाली, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले पासपोर्ट. निळी कव्हरं. मन्सूरच्या अंगातून अशी झिणझिणी गेली! इतक्या वर्षांचा संशय, आणि आज पहिल्यांदा हातात काहीतरी घबाड लागलं होतं.

"चोर!" तो ओरडला. "अल्ला! लोकांचे पासपोर्ट!"

अलका पांढरीफटक पडली. हळू आवाजात म्हणाली, "ओरडू नका. आधी उघडून बघा तरी कोणाचे आहेत."

"कोणाचे का असेनात! चोरी ती चोरी!"

तेवढ्यात राहिल सर दारात आले. अलकाने त्यांच्याकडे बघितलं, मग मन्सूरकडे, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. राहिल सरांनी एक एक पासपोर्ट उघडून बघितला. मन्सूरला वाटलं, साहेब आता पोलिसांना फोन करतील. त्यांनी नाही केला. म्हणाले, "बाईमाणूस आहे, तिची जिंदगी कशाला बरबाद करायची? खलास. उद्यापासून येऊ नकोस." तिच्याकडची चावी काढून घेतली, पासपोर्ट तिजोरीत टाकले, दार लावलं आणि मन्सूरची पाठ थोपटली. "तू नसतास तर मी बुडालो होतो."

अलकाने जाताना रिकामा डबा तेवढा उचलला.

मन्सूर त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवला. सिताराला तीनदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर सितारा म्हणाली, "पण ती बाय पासपोर्ट घेऊन करणार काय होती? भाजी?"

"विकतात!"

"आणि मग सायबानं पोलिसांना का नाय बोलावलं?"

मन्सूरने घास परत ताटात ठेवला. हा प्रश्न त्याला स्वतःला पडायला हवा होता. मग म्हणाला, "दिल मोठा हाय त्याचा," आणि पाणी प्यायला.

राहिल सरांचं दिल पुढच्याच आठवड्यात दोह्यातून उडालं. कोणीतरी आजारी आहे म्हणून गेले ते फोन बंद. कफील म्हातारा ऑफिसात आला, खुर्चीत बसला, कपाळाला हात लावला आणि त्यानेच जाऊन तक्रार दिली. दोन दिवसांत सरकारी माणसं आली, कॉम्प्युटर नेले, दाराला सील ठोकलं. तिजोरीही नेणार होते, पण ती हलेना. चौघांनी जोर लावला. मन्सूर तिथेच उभा होता, आपण मारून घेतलेल्या बोल्टांकडे बघत. शेवटी अधिकारी म्हणाला, राहू दे, सील तर आहेच, चौकशी झाली की उघडू.

"कधी?" मन्सूरने विचारलं.

"इन्शाल्ला."

मन्सूरने हा शब्द हजारो लोकांना हजार वेळा सांगितला असेल. त्या दिवशी तो त्याला स्वतःला ऐकून घ्यावा लागला.

पुढचे दिवस त्याने जी पळापळ केली, ती सांगायलाही नको. दुसरा पासपोर्ट काढायचा तर आधीचा हरवला असं लिहून द्यावं लागतं. पण हरवला कुठे? भिंतीपलीकडे पडलाय, सीलमागे. खोटं लिहून दिलं आणि उद्या तिजोरी उघडली तर? एका ऑफिसात म्हणाले, तिथून पत्र आणा. तिथे म्हणाले, चौकशी संपल्याशिवाय पत्र नाही. ज्या खिडक्यांवर तो दुसऱ्यांची कामं चुटकीसरशी करायचा, तिथे तो आता स्वतःचं काम घेऊन उभा होता आणि ओळखीचे लोक त्याला 'काय मन्सूर, आज कोणाचं काम?' असं विचारत होते. सांगायची लाज वाटायची. अफशां रोज संध्याकाळी दार उघडायची, बापाच्या हातांकडे बघायची आणि आत निघून जायची. 

तारीख आली आणि गेली. कॉलेजचा ईमेल आला, दोन ओळींचा. अफशांने तो बापाला वाचून दाखवला नाही. त्यानेच तिच्या आईच्या मोबाइलवर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. या वेळी पत्ता खरा की खोटा ते त्याने बघितलं नाही.

मग त्याला बाकीच्यांची आठवण झाली. आपल्या शब्दावर ज्यांनी पासपोर्ट दिले त्यांचं काय? तोंड कसं दाखवायचं? शेवटी मनाचा हिय्या करून तो अल नस्रला शशिकांतांच्या घरी गेला. शिव्या खायच्या तयारीनेच गेला. शशिकांतांनी दार उघडलं, आत घेतलं. पैशांचं दुःख होतंच, ते बोलून झालं. मग मन्सूर म्हणाला, "साहेब, पासपोर्टचं मी बघतो. तिजोरी उघडली की पहिले तुमचे..."

"आमचे?" शशिकांत चमकले. "आमचे तर घरीच आहेत. अलकाने दोन महिन्यांपूर्वीच आणून दिले, डब्यातून. बहुतेक सगळ्यांचे दिले तिने. म्हणाली, त्या हॉटेलचं काही खरं दिसत नाही, दर वेळी फोटोत तोच पिवळ्या शर्टातला माणूस त्याच शिडीवर उभा असतो. पैसे अडकले ते अडकले, निदान तुम्ही तरी अडकू नका." शशिकांत जरा अवघडले. "कोणाला सांगू नका म्हणाली होती. खास करून तुम्हाला."

"मनाच का नाय सांगायचं?"

"मंदूब म्हणजे साहेबाचा माणूस, असं वाटलं तिला. चुकलं तिचं, पण..."

मन्सूर उठला. त्याला पत्ता मागायचीही गरज पडली नाही, शशिकांतांनीच खिडकीतून बोट दाखवलं. अलका शशिकांतांच्या मागच्याच बिल्डिंगीत राहत होती. जवळ म्हणाली होती ती, खोटं नव्हती बोलली.

तिने दार उघडलं. खोलीत बॅगा भरलेल्या होत्या. नोकरी गेली होती, ती नाशिकला परत निघाली होती. मन्सूर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत या, असं तीही म्हणाली नाही.

"ताई," तो म्हणाला. आजवर तिला मॅडम म्हणणारा माणूस. "चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. मना माफ करा. पण एक सांगा. त्या दिवशी तुम्ही गप का राहिलात? बोलायचं होतंत ना!"

अलकाने त्याच्याकडे बघितलं. रागात नव्हती, दमलेली होती.

"काय बोलणार? साहेब दारात उभे होते. आधी मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. मग तुमचा चेहरा बघितला आणि कळलं, या माणसाला काहीच माहीत नाही. तेव्हा बोलले असते तर तुमचीही नोकरी गेली असती." तिने एक बॅग पायाने बाजूला सारली. "तुम्ही मुलीसाठी पासपोर्ट मागत होतात, ते मी ऐकलं होतं. त्या दिवशी पिशवीत तुमचेच होते, मन्सूरभाई. तिघांचे. सितारावहिनींना घरी नेऊन देणार होते. म्हणून तर म्हणत होते, उघडून तरी बघा."

मन्सूरने भिंतीला हात टेकला. सगळ्या जन्मात ज्याने प्रत्येक पेटीचा खालचा थर उपसून बघितला, त्याच्या हातात मुलीचा पासपोर्ट आला होता आणि त्याने तो उघडला नव्हता. त्याला तिथेच, त्या परक्या जिन्यात, हुंदका फुटला. अलकाने आतून पाणी आणून दिलं. त्याने ते न बघता पिऊन टाकलं.

घरी जाऊन त्याने सिताराला आणि अफशांला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सितारा पदर तोंडाला लावून बसली. अफशां ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ओके, अब्बा." तेवढंच, आणि आपल्या खोलीत गेली.

वर्ल्ड कप आला. खिडकीखालून झेंडे घेतलेली माणसं नाचत गेली, फटाके झाले, सगळ्या जगाने दोहा बघितलं. हुर्जुकांच्या घरात टीव्ही लागला नाही. नव्या वर्षी, थंडी असताना, मन्सूरला बोलावणं आलं. तो अफशांलाही घेऊन गेला, तिला सही करायची होती. सील तोडलं, कारागिराने गॅसची ज्योत लावून तिजोरीचं दार कापलं. मजबूत होती, फार वेळ लागला. आत तळाला तीन पासपोर्ट पडले होते. बाकी काही नाही.

अधिकाऱ्याने फोटो बघून एक अफशांच्या हातात दिला, दोन मन्सूरच्या. मुलीने आपला उघडला, स्वतःचा फोटो बघितला, मग विशाची पानं एक एक करून उलटून बघितली, अगदी शेवटपर्यंत. कल्ले उचलून बघतात तशी.

खाली उतरल्यावर मन्सूरने सवयीने हात पुढे केला. "दे बाय, मी ठेवतो. हरवशील."

अफशांने पासपोर्ट कुर्त्याच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. घरात कधी मराठी न बोलणारी पोर त्याच्या डोळ्यांत बघून आईच्या बोलीत म्हणाली, "नको अब्बा. माझ्याकडंच ऱ्हाऊदे."

मन्सूरने हात मागे घेतला. तिच्या नजरेत काय आहे ते त्याला लगेच कळलं. जन्मभर तो जगाकडे त्याच नजरेने बघत आला होता.